थेट बसची गरज आहे का, ते बसमध्येच बसून बघितलं

आम्हाला दोन शहरांमधे थेट बसची मागणी करायची होती आणि पहिला प्रश्न येणार तो म्हणजे प्रवासी कुठेत, म्हणून अर्ज लिहायच्या आधी मी आहे त्याच साधनांनी, म्हणजे एक बस, मधे स्टँडवर बदल, मग दुसरी बस, असं जाऊन आले. असंच कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात त्रास बदलाचा. पहिली बस वेळेवर पोचली तरी दुसरी आधीच सुटलेली, कारण दोन्ही टाइमटेबलं लावणाऱ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. स्टँडवर बसून राहण्यात जेवढा वेळ गेला तेवढा पुढच्या बसमध्येही गेला नाही. तेव्हा वेळ टाइमटेबलवरून काढू नका, घरातून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंतचा लिहा.

मोजायला पुढच्या दाराजवळची सीट घ्या आणि प्रत्येक थांब्यावर चढले किती, उतरले किती ते वहीत लिहा. नुसती विकलेली तिकिटं फसवतात. समजा ४० सीटच्या बसमध्ये सुरुवातीला २० जण बसले, बरोबर अर्ध्या वाटेत ते सगळे उतरले आणि दुसरे २० चढले, तर तिकिटं ४० झाली पण बस पूर्ण वेळ अर्धी रिकामीच धावली. उलट बाजूही बघा, शेवटच्या शहरात उतरताना मोजकीच माणसं दिसली म्हणून कुणी बसच नको म्हणेल, पण मधल्या गावांची चढउतार भरपूर असू शकते आणि त्यांना तर दुसरं काहीच नसतं.

पण बसमधली माणसं मोजून गरज अर्धीच कळते. जी बस नाहीच तिचे प्रवासी कुठल्या वहीत येणार? जर्मनीत २०१२ संपेपर्यंत रेल्वेला समांतर लांब पल्ल्याच्या बसला बहुतेक ठिकाणी परवानगीच नव्हती, १ जानेवारी २०१३ पासून मार्ग मोकळा झाला आणि काही वर्षांत वर्षाचे प्रवासी कोटींत गेले. म्हणून शेअर टॅक्सीच्या थांब्यावर उभं राहा, हॉस्पिटलच्या बाहेर बोला, कॉलेजात विचारा. तपासणी सकाळी आणि पहिली बस दुपारी पोचणारी, तर पेशंट आदल्या दिवशी येऊन मुक्काम करतो किंवा जातच नाही. हा ‘जातच नाही’वाला माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि ‘बस सुरू झाली तर वापराल का’ असं प्लीज विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटचं कधी गेलात, कशाने गेलात, किती वाजता परत आलात, कुठलं काम राहिलं, हे विचारा. नावं, फोन नंबर घ्यायची गरज नाही. कंडक्टरशी बोलायचं तर बस थांबल्यावर, तिकिटं फाडताना नाही. त्यांना कुठल्या दिवशी माणसं उभी राहून जातात हे तोंडपाठ असतं. साधा दिवस आणि सुट्टीच्या आदला दिवस वेगवेगळे मोजा, दोन्हीची सरासरी काढली की दोन्ही खोटे होतात.

बस तोट्यात असेल तर गरज नाही, असं कुणी म्हणालं तर कॅनडाचं सांगा. तिथे ग्रेहाउंड या बस कंपनीने २०१८ मधे पश्चिमेकडचे बहुतेक मार्ग बंद केले, प्रवासी घटल्याचं कारण देऊन, तर ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात सरकारला स्वतः बस चालवायला घ्यावी लागली. अमेरिकेत तर ग्रामीण वाहतुकीसाठी राज्याला मिळणाऱ्या केंद्राच्या निधीतला किमान १५ टक्के शहरांना जोडणाऱ्या बससाठी ठेवावा लागतो, सुटका हवी असेल तर गव्हर्नरने ‘गरज भागलेली आहे’ असं लिहून द्यायचं, तेही बसवाल्यांशी बोलून. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी ‘गरज नाही’ म्हणणाऱ्यावरच येते. आम्ही अर्जात हाच मुद्दा वर घेतलाय.

निघताना पाणी, वही, दोन पेनं आणि चार्ज केलेला फोन घ्या, बसमध्ये चार्जिंग असेल असं धरू नका. टॉयलेट कुठल्या स्टँडवर वापरण्यासारखं आहे तेही नोंदवा, बायका आणि म्हातारी माणसं बस टाळतात त्यात हे कारण मला वारंवार ऐकू आलं आणि ते कुठल्याच छापील फॉर्ममधे विचारलेलं नसतं.