इरलं, घोंगडं आणि नारिंगी जाकीट

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर शिकारीला गेलो होतो तिथला एक फोटो टाकला. मागे वाळक्या गवताचा डोंगर, पुढे मी, अंगात भडक नारिंगी जाकीट. दहा मिनिटांत पाटणहून चुलत भावाचा निरोप आला, "दादा, असलं जाकीट घालून गेल्यावर हरणं थांबतात होय रे?"

त्याची शंका रास्त आहे. इथे न्यूझीलंडला आलो त्या वर्षी मलाही हेच कोडं पडलं होतं. ग्रुपवर चार ओळी लिहून भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर, कँटरबरीच्या सपाटीवर एका डेअरी फार्मवर कामाला आहे. पहाटेची धार काढून बाहेर आलं की पश्चिमेला सदर्न आल्प्सची रांग दिसते. इथल्या शेतकरी घरांमध्ये शिकार ही आपल्याकडच्या सुगीसारखी वर्षाच्या चक्रात बसलेली गोष्ट आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, आणि तो तसाच असायला हवा. कोयनेच्या रानात सांबर दिसलं की आम्ही पोरं श्वास रोखून उभी राहायचो. त्यामुळे इथे पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा मी अवघडलो होतो.

पण इथली परिस्थिती उलटी आहे. माणूस येण्याआधी या बेटांच्या रानात सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळं होती. हरणं वगैरे नंतर गोऱ्यांनी आणून सोडली. हिमालयातला ताहर नावाचा रानबोकड 1904 साली माउंट कुकच्या परिसरात सोडला. आपलं सांबरसुद्धा 1875 च्या सुमारास श्रीलंकेतून नॉर्थ आयलंडवर आलं. त्यांच्यामागे लागणारा बिबट्या इथे नाही, कोळसुंदे नाहीत. कळप वाढतात आणि रानातली कोवळी रोपं फस्त होतात. म्हणून सरकारचं संवर्धन खातंच हरणाच्या शिकारीचा परवाना देतं, तोही फुकट. बंदुकीच्या लायसन्ससाठी मात्र परीक्षा, ओळखीच्या माणसांच्या मुलाखती, बंदूक ठेवायच्या घरातल्या तिजोरीची तपासणी असं सगळं पार पाडावं लागतं.

मला रानात पहिल्यांदा नेलं ते आमच्या शेजाऱ्यांनी. सत्तरीचे आहेत, पण चढावर मला मागे टाकतात. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाका मारतात, तरी मला काही ते जमत नाही. मनातल्या मनात मी त्यांना तात्या म्हणतो, इथेही तेच लिहितो.

एप्रिलचा पहिला आठवडा होता, म्हणजे इथला शरद ऋतू. लाल हरणांचे नर या दिवसांत माद्यांसाठी हंबरतात, दरी दणाणून जाते. इथले लोक या हंगामाला 'रोर' म्हणतात. आम्ही हुरुनुई नदीच्या खोऱ्यात, लेक समनरच्या बाजूला निघालो होतो. मी बंदूक घेणार नव्हतो, फक्त सोबतीला जाणार होतो. तरी तयारीने गेलो होतो: पुण्याहून आणलेली लष्करी ठिपक्यांची सुती पॅन्ट, जाड सुती हुडी, वर रेनकोट. तात्या गाडीतून उतरले ते पायांत घट्ट काळी थर्मल, तिच्यावर हाफ पॅन्ट, पोटऱ्यांवर गेटर म्हणजे बुटापासून गुडघ्यापर्यंतचं जाड कापडी वेष्टण, आणि अंगात मांडीपर्यंत येणारा चौकड्यांचा लोकरी शर्ट. रानाच्या रंगाचं त्यात काहीच नव्हतं. त्यांनी माझ्या पॅन्टकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "दुसरी नाही आणलीस?"

नदी तीनदा ओलांडायची होती. इथे बूट काढत नाहीत, बुटांसकट पाण्यात शिरतात, कारण तळाचे गोटे निसरडे असतात आणि पाणी बर्फाचं. तिसऱ्यांदा पलीकडे गेलो तेव्हा माझी पॅन्ट मांडीपर्यंत भिजून पायांना चिकटली होती आणि पावलागणिक खाली ओढत होती. तात्यांची थर्मल अर्ध्या तासात जवळजवळ सुकली. लांब पॅन्टऐवजी हाफ पॅन्ट का, ते मला तिथे कळलं. मग दक्षिणेचा वारा सुटला. हा वारा थेट अंटार्क्टिकाच्या दिशेने येतो. बारीक पाऊस लागला. हुडी चढावरच्या घामाने आतून भिजलेलीच होती. आधी हुडहुडी भरली, मग बोटं इतकी बधिर झाली की चेन ओढता येईना, आणि तात्यांनी काही विचारलं तर माझी जीभ जड पडली. त्यांनी तिथल्या तिथे शिकार सोडली. तासाभराच्या वाटेवर संवर्धन खात्याची झोपडी होती, तिथे नेलं, माझे सगळे कपडे उतरवले आणि स्वतःचा जादा लोकरी बनियन घालायला दिला. चुलीजवळ बसून साखर घातलेला चहा प्यायलो, तेव्हा कुठे दातखीळ सुटली.

पॅन्ट पिळली तर लोट्याभर पाणी निघालं.

सह्याद्रीत भिजणं म्हणजे सुख असतं. जुलैत सुती टीशर्टवर लोहगड चढायचा, चिंब व्हायचं, खाली येऊन भजी खायची. तिथला पाऊस थंड वाटला तरी जीवावर बेतत नाही. इथे पाच-सात अंशांत, वाऱ्यात, अंगावर ओलं सूत म्हणजे शरीराची ऊब सतत बाहेर खेचली जाते. सुताच्या धाग्यात पाणी मुरतं, मधली हवा निघून जाते आणि कापड ऊब धरायचं थांबतं. लोकर ओली झाली तरी कुरळ्या धाग्यांमध्ये थोडी हवा धरून ठेवते, म्हणून ओल्या लोकरीतही माणूस तग धरतो.

झोपडीत त्या बनियनचा ओला वास आला आणि मला एकदम आजा आठवला. आमच्या पाटण भागात भातलावणीच्या दिवसांत आजा घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घ्यायचा. त्या घोंगड्याला अगदी हाच वास होता, ओल्या मेंढीचा. आजीच्या पाठीवर इरलं असायचं. आत लोकर, बाहेर पाणी निथळवणारं पानांचं छप्पर. इथल्या दुकानांत आज ज्याला 'लेअरिंग' म्हणून मोठमोठे तक्ते लावतात, ते आमच्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. तात्यांच्या चौकडीच्या शर्टाचं घराणंही तेच. तो 'स्वानड्राय'. 1913 साली न्यू प्लिमथच्या विल्यम ब्रूम नावाच्या शिंप्याने लोकरीच्या शर्टावर पाणी न शिरू देणारी प्रक्रिया केली, तिथून तो इथल्या मेंढपाळांच्या अंगावर गेला. घोंगड्याची गोष्ट सांगितली तेव्हा तात्यांनी फोनवर फोटो मागितला आणि बराच वेळ विणीकडे बघत राहिले.

आता माझी मांडणी अशी असते. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ बनियन, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचा थर. पिसांचं किंवा सिंथेटिक भरणाचं जाकीट पिशवीत, कोरडं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ते चालताना घालायचंच नाही. थांबलो, दुर्बीण काढून बसलो की लगेच चढवायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही. निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. निघतानाच गरम वाटत असेल तर पहिल्याच चढावर घाम येणार आणि वर पोचल्यावर तोच घाम गारठवणार. इरल्याच्या जागी रेन जाकीट, पण त्यात एक मेख आहे. जाड जाकिटाचं कापड फांदीला घासलं की करकरतं, आणि रानाच्या शांततेत हरणाला तो आवाज लांबून कळतो. त्यामुळे पाऊस नसेल तर बाहेरचा थर फ्लीसचा किंवा लोकरीचा, जो फांदीला घासला तरी आवाज करत नाही.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यांत दोन. निळा-जांभळा त्याला चांगला दिसतो, पिवळा-हिरवाही दिसतो. लाल आणि नारिंगी मात्र त्याला हिरव्या-तपकिरीपासून वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्याला जे जाकीट पेटलेल्या निखाऱ्यासारखं दिसतं ते हरणाला मळकट, आजूबाजूच्या झाडोऱ्यात मिसळणारं दिसतं. उलट निळी जीन्स त्याला झळझळीत दिसते. शिवाय आपल्या डोळ्यांत अतिनील प्रकाश गाळला जातो, हरणाच्या डोळ्यांत तो बराचसा आत जातो. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य घालतात ते अतिनील प्रकाश शोषून निळसर चकाकी बाहेर टाकतं. घरी आई पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची तोच हेतू, फक्त हे द्रव्य सगळ्याच कपड्यांवर बसतं. रानाच्या नक्षीचा महागडा शर्ट अशा पावडरीत धुतला तर पहाटेच्या अंधुक उजेडात, हरणं चरायला बाहेर पडतात नेमक्या त्या वेळेला, तोच शर्ट उठून दिसतो. रानातले कपडे मी आता बिनवासाच्या, चकाकी नसलेल्या साबणात वेगळे धुतो.

आणि रंगाच्या आधी येतो वारा. तुमच्या पाठीवर वारा असेल तर अंगात काहीही घाला, हरीण केव्हाच निघून गेलेलं असतं. तात्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवतात, दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून बघतात. वाऱ्यानंतर हालचाल. या दोन्ही सांभाळल्या तर नक्षीचा प्रश्न येतो.

नक्षीचंही एक गुपित आहे. दुकानात हातात घेऊन बघतो तेव्हा बारीक पानं-काटक्या छापलेलं कापड फार खरं वाटतं. तेच दोनशे मीटरवर ठेवा, बारीक नक्षी एकमेकांत मिसळून माणसाच्या आकाराचा एक काळपट गोळा उरतो. लांबून उपयोगी पडतात ते मोठे, फिक्या-गडद रंगांचे पट्टे, कारण ते खांद्याची आणि डोक्याची रेषा तोडतात. बीच नावाच्या झाडांच्या अंधाऱ्या, शेवाळी जंगलात हरीण तीस-चाळीस पावलांवर भेटतं. तिथे गडद हिरवा किंवा तपकिरी साधा शर्टही पुरतो. मी नक्षीवर पैसे घालवतो ते उघड्या डोंगरासाठी. वर टसॉक म्हणजे गुडघाभर वाळकं सोनेरी गवत, तिथे जंगलातला गडद हिरवा डागासारखा दिसतो, फिका खाकी चांगला. त्याहून वर, रंगिताता नदीच्या उगमाकडे ताहर असतात, ती सगळी करडी घसरडी खडी आणि हिवाळ्यात बर्फाचे पट्टे. ताहराची नजर तीक्ष्ण. तिथे चेहरा आणि हात उघडे ठेवले तर तेच आधी चमकतात, म्हणून पातळ हातमोजे आणि मानेपासून नाकापर्यंत ओढता येणारा लोकरी पट्टा. आणि कड्याच्या माथ्यावर आभाळाला पाठ करून कधी उभं राहायचं नाही. तिथे कुठलीच नक्षी वाचवत नाही.

काट्यांचा हिशेब निराळा. नदीपात्रांत मॅटागौरी नावाचं झुडूप असतं, आपल्या बोरीसारखं काटेरी. पातळ नायलॉनची पॅन्ट त्यात एका दिवसात फाटते. डोंगरउतारावर स्पॅनियर्ड नावाच्या झुडपाची पाती सुरीसारखी टोकदार असतात, ती गेटर नसेल तर सरळ पोटरीत घुसतात. एकदा एक पातं माझ्या गुडघ्याच्या वर घुसलं होतं, आठवडाभर दुखत होतं.

आता नारिंगी. इथे ते घालायची कायद्याने सक्ती नाही, पण नेम धरण्याआधी समोर नक्की काय आहे याची शंभर टक्के खात्री करणं हे बंदूक चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. रोरच्या दिवसांत शिकारी हरणासारखा आवाज काढत झाडीत फिरतात. दुसरा शिकारी तो आवाज ऐकून जवळ येतो. झाडी हलते, तपकिरी काहीतरी दिसतं, आणि मनाला जे बघायचं असतं तेच दिसतं. अशी माणसं इथे गेली आहेत. बऱ्याचदा गोळी आपल्याच गटातल्या सोबत्याची असते, सख्ख्या मित्राची. मी ज्या प्राण्याच्या नजरेतून लपू बघतो त्याला नारिंगी उठून दिसत नाही, आणि ज्या माणसाला मी दिसलोच पाहिजे त्याला ते लांबून दिसतं. माझ्या मते याहून सरळ सौदा नाही. सुकलेल्या लालसर रानात नारिंगी हरणाच्या रंगाशी मिसळेल असं काहींचं मत आहे, ते, हरणाला निळा दिसत असला तरी, निळे ठिपके असलेलं कापड निवडतात. माणसाला चटकन दिसेल असं काहीतरी अंगावर हवंच, यावर तेही ठाम असतात.

या वर्षी तात्यांना एक नर मिळाला. मांस दोघांनी वाहून आणायचं होतं, शिंगांसकट डोकं माझ्या पिशवीवर बांधलं. निघण्याआधी तात्यांनी खिशातून नारिंगी कापडाची चुरगळलेली पट्टी काढली, दोन्ही शिंगांना वेटाळून गाठ मारली, मग जरा मागे सरकून बघितलं आणि आणखी एक गाठ मारली. पाठीवर शिंगं घेऊन झाडीतून चालणारा माणूस लांबून कसा दिसेल ते त्यांना पक्कं माहीत होतं. गाडीपर्यंत ते माझ्या पुढे चालत राहिले, मोठ्याने बोलत.

भाऊ पुढच्या मार्चमध्ये येतोय. त्याच्यासाठी लिहून ठेवतो: जीन्स आणू नकोस, सुती हुडी आणू नकोस, मेरिनो मी इथे घेऊन ठेवतो. बुटांच्या तळव्यांतली माती ब्रशने घासून, धुऊन, वाळवून ये, विमानतळावर बघतात आणि फॉर्मवर खरं लिहावं लागतं. आणि आज्याचं घोंगडं पेटीत अजून असेल तर स्वच्छ झटकून, ऊन देऊन घेऊन ये. लोकरीचं आहे म्हणून तेही फॉर्मवर लिही. तात्यांना ते हातात घेऊन बघायचंय.