सारंगखेड्याची बंदूक: सतरा दिवसांनी नळी सुटली

मंडळी, ती अडकलेली छऱ्यांची बंदूक उघडली! काल रात्री साडेअकराला, भुसावळच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सतरा दिवस केसभरही न हललेली नळी दोन्ही हातांनी सरळ पुढे ओढली आणि अलगद हातात आली.

ही तीच, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरची ४.५ मिमीची ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी खाली मोडून भरायची हवेची बंदूक. स्टॉलवाल्या दादांनी देताना सांगितलं होतं, "कितलं बी ठोका, हाई काय उघडस नही." दोन पावसाळे ती रावेरकडच्या एका केळीच्या मळ्यात मोटारीच्या खोलीत पोटॅशच्या गोण्यांना टेकून उभी होती. केळीला घालतात ते पोटॅश म्हणजे क्लोराइड. ते हवेतला ओलावा ओढतं आणि पोलादाला खातं. त्यामुळे गंजावर माझा पक्का संशय होता आणि मागचे तिन्ही वृत्तांत मी त्याच संशयावर लिहिले.

कुंदा, म्हणजे बंदुकीचा दस्ता, उतरवल्याचं मागे सांगितलंच आहे. खालच्या खाचेतून पिस्टन पुढे टेकलेला दिसला, म्हणजे बंदूक भरलेली नाही याची खात्री झाली. ही खात्री न करता अडकलेल्या ब्रेक-बॅरलला हात लावू नका. स्प्रिंग दाबलेली असताना सीअर, म्हणजे पिस्टन अडवून धरणारा खटका, सटकला तर नळी उसळून बोटं मोडते. आणि मागच्या ब्लॉकची पिन स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय काढायची नाही, मग कितीही घाई असो.

तेलाचं सांगतो. डब्ल्यूडी-४० माझ्याकडे कायम असतं, पण त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ते काम ते उत्तम करतं. जुना गंज सोडवायला माझा भरवसा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं यावर. बंदूक तोंड खाली करून टांगली, कारण सांध्यात सोडलेलं तेल ट्रान्स्फर पोर्टमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पिस्टनच्या नळकांड्यात (कॉम्प्रेशन ट्यूबमध्ये) गेलं तर पहिल्याच बाराला डिझलिंग, म्हणजे दाबाने तेल पेटणं. रोज सकाळी चार थेंब, संध्याकाळी लाकडी हातोडीने हलके ठोके. अकरा दिवस काही नाही. बाहेर ४४ अंश आणि शेडमध्ये त्याहून जास्त, दुपारी नळीला हात लावता येत नव्हता.

मग वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले टर्नर काका आले. त्यांनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "पाचर मागं जात नाही ना? मग नळी पुढं आण." मी पाहतच राहिलो. पाचर म्हणजे नळीच्या मागच्या टोकातला स्प्रिंगवरचा खिटका, तो आडव्या पिनमागे अडकून नळी बंद धरतो. नळी खाली मोडताना पाचरीला आडव्या पिनवरून घसरत आत दबावं लागतं. पण नळी ज्यावर मोडते तो पिव्होट बोल्ट काढला तर नळी मोडायचीच गरज नाही. ती सरळ पुढे सरकते आणि पाचर खोबणीतून आपोआप बाहेर येते. नळीला पिस्टनशी जोडणाऱ्या दांडीला (कॉकिंग लिंकला) खाचेत पुढे थोडी मोकळीक असते, आणि पाचर जेमतेम चार-पाच मिमी बाहेर असते. तेवढी मोकळीक पुरते.

आता सगळा भार पिव्होट बोल्टवर आला. त्याच्या डोक्याची खाच कुणीतरी पूर्वी छिन्नीने खाल्लेली. बाजूचा बारीक लॉक स्क्रू तेलामुळे पहिल्या झटक्यात निघाला, बोल्ट मात्र हलेना. बाजारातल्या पेचकसाचं टोक निमुळतं असतं, जोर लावला की ते खाचेतून वर चढतं आणि खाच आणखी खातं. महागड्या संचांतही बहुतेक तेच. काकांनी जुन्या बिटाचं टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासलं, खाचेत घट्ट बसेल इतकं. ते बिट उभ्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरलं, मशीनची वायर काढून बाजूला ठेवली, लिव्हरने वरून दाब दिला आणि चक हाताने फिरवला. बिटाला वर चढायला जागाच उरली नाही. कर्रर्र असा बारीक आवाज आला. तो आवाज मी किती दिवस ऐकायला थांबलो होतो!

नळी पुढे आली आणि खरा गुन्हेगार दिसला. पाचरीची स्प्रिंग मधोमध तुटलेली, एक तुकडा पाचरीच्या शेपटीशेजारी चढून आडवा बसलेला. पाचर तेलाने ओलीचिंब होती, गंज अगदी वरवरचा. मोडायचा जोर दिला की तुकडा आणखी घट्ट रुतत होता. म्हणजे माझे ठोके त्याला आवळतच होते. तेल मात्र वाया गेलं नाही. पिव्होटच्या वॉशरांवरचा गंज त्यानेच सोडवला.

नळीत चपटे झालेले दोन छर्रे निघाले, पितळी गजाने सावकाश ढकलले. उजेडाकडे धरून पाहिलं तर आतल्या वर्तुळाची सावली एका बाजूला जाते. उघडत नाही म्हणून आजवर दिलेल्या रट्ट्यांनी नळी किंचित खाली वाकली आहे. ती दोन लाकडी ठोकळ्यांवर सरळ करणार, पण घाई नाही.

मूळ बेत पाचर काढून तिथे स्प्रिंगवरच्या पोलादी गोळीचा खटका (डिटेंट) बसवायचा होता. तो सोडला. पाचर स्वच्छ घासली तर तिची उतरण अजून धारदार आहे, आणि स्टॉलच्या जोरात पाचरच टिकते. काका १ मिमी म्युझिक वायरची (स्प्रिंगच्या कडक पोलादी तारेची) स्प्रिंग गुंडाळून देणार, मी ती घरच्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर अर्धा तास ठेवणार, म्हणजे तारेतला ताण निवतो. तुटलेली स्प्रिंग कुठल्यातरी साध्या तारेची होती, हाताने वाकवली तर सरळ होत नाही.

हे लिहिता लिहिता आडव्या पिनकडे पुन्हा पाहिलं, तर तिच्यावर पाचरीने खड्डा पाडलाय. तिथे बेअरिंगमधला सुईसारखा रोलर बसेल का? कडकपणा भरपूर आणि पॉलिश आयतं. तसं असेल तर स्प्रिंगआधी पिनचं माप घ्यायला हवं, कारण रोलर जाड निघाला तर पाचरीचा दाब बदलेल. मायक्रोमीटर काकांकडे आहे, शनिवारी जातो. तोवर पिस्टनचा चामडी वॉशर तेलाच्या वाटीत पडून आहे. दत्तजयंतीच्या आधी बंदूक दादांच्या हातात द्यायचीय.