आगोटीची लाकडं आणि न आलेली ताडपत्री

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, लाकडं वाळवणं मुळात अवघड नाही. मार्च-एप्रिलचं ऊन आणि वारा मिळाला की ती आपली आपण वाळतात. खरा ताप असतो तो वाळलेलं लाकूड कोरडं राखण्याचा, आणि त्यासाठी एक धड ताडपत्री वेळेत हातात पडण्याचा. २०२५ च्या मे महिन्यात या ताडपत्रीने मला जे छळलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आमचं घर देवगड तालुक्यात. परसदार नावालाच. मागची भिंत आणि चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा यांच्यामध्ये जेमतेम सहा फुटांची बोळ, त्यातही नळाची टाकी आणि तुळस. घरात गॅस आहे, पण न्हाणीतलं पाणी तापवायला आणि गणपतीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसांचं जेवण रांधायला चुलीशिवाय भागत नाही. लाकूड घरच्याच काजूच्या छाटणीचं आणि थोडं आकेशियाचं. तोडून, फोडून मार्चमध्येच घेतलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच सांगतो, मनगटापेक्षा जाड असेल ते फोडाच. सालीतून पाणी फारसं बाहेर पडत नाही, ते निघतं कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगातून. अख्खा ओंडका मे संपला तरी आत ओलाच राहतो.

रचण्याचं म्हणाल तर खाली दीड चिऱ्याची उंची आणि त्यावर पोफळीचे दोन वासे आडवे. मातीला लाकूड लागलं की वाळवी आलीच. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं. टोकांना आडवी-उभी रचून खांब केले, मधे एकाच दिशेने ढलप्या टाकत गेलो. उंची छातीएवढी, त्याहून जास्त नको, नाहीतर पहिल्या वाऱ्याला रास बोळात आडवी होते आणि टाकीपर्यंत जायची वाट बंद. एप्रिलअखेर लाकडांच्या तोंडांवर मधून कडेकडे जाणाऱ्या भेगा पडल्या होत्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठणठण आवाज यायचा. ओल्याचा आवाज बद्द येतो. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग झाकायची वेळ आली.

नेहमीचा हिशेब असा की पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो, म्हणून मे महिन्याच्या मध्याला झाकण तयार हवं. मी एप्रिलमध्येच तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात जाड ताडपत्री सांगून ठेवली, २५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची), कडेला पितळी रिंगा असलेली. आगाऊ पैसेही दिले. दुकानदार म्हणाला, कोल्हापूरहून गाडी आली की फोन करतो. फोन काही आला नाही. मी केला की उत्तर ठरलेलं, "उद्या येतेय." हे "उद्या" पुढचे कितीतरी दिवस चाललं. एसटीने जावं, तर तोच माणूस समोर बसून तेच सांगणार, वर चहा घेणार का म्हणून विचारणार. चहा नको होता मला, ताडपत्री हवी होती. नाही म्हणून सांगितलं असतं तर दुसरीकडून आणली असती. अडकवून ठेवण्याचा हा प्रकार मला सर्वांत जास्त लागला.

त्या वर्षी पाऊस जूनची वाट बघायला तयार नव्हता. वीस तारखेच्या सुमारास जो कोसळायला लागला तो लागलाच, आणि २५ मे रोजी हवामान खात्याने मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी मोसमी पावसाची रेषा थेट देवगडपर्यंत पोचली होती. मे महिन्यावर भिस्त ठेवायची नाही हे २०२१ च्या तौक्ते वादळानेही दाखवलं होतं, तेही मे महिन्याच्या मध्यालाच आलं होतं. माझी तयारी त्याच हिशेबाने होती, फक्त माल दुकानात अडकला होता.

शेवटी दुकानदाराने जे दिलं ते निळं पातळ मेणकापड. "हेच वापरा, चालतं," म्हणाला. दोन रात्री टिकलं. रिंगा भोवतालच्या कापडासकट उपटून निघाल्या आणि ते गडग्यावर फडफडत बसलं. उरलेल्यात गडीमाणसाने रास खालपर्यंत गुंडाळली. मधे ऊन पडलं तेव्हा आतून कापडाला पाण्याचे थेंब धरलेले आणि तोंडांवर पांढरी बुरशी. हे बघून शेजारच्या काकी गडग्यापलीकडून ओरडल्या, "वरसून झाक. बाजून कित्याक गुंडाळतंस? वारो लागाक व्हयो मां!"

काकींचं शंभर टक्के खरं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा असतो. त्या दिवसांत लाकूड आणखी वाळेल ही आशा नकोच, ते भिजू नये आणि घामेजू नये एवढंच बघायचं. बाजू उघड्या हव्यात.

काकींच्या पडक्या गोठ्याचे जुने पत्रे त्यांनीच दिले. ते राशीवर टेकवले नाहीत, मधे वासे घालून हातभर उंच ठेवले, उतार गडग्याकडे, आणि भिंतीची बाजू सोडून तिन्ही बाजूंनी फूटभर बाहेर. आमच्या बोळात मोठी अडचण पागोळ्यांची. कौलांची धार नेमकी राशीच्या मधोमध पडते. म्हणून पत्र्याची वरची कड पागोळीच्या आत, भिंतीच्या बाजूला घेतली, म्हणजे धार पत्र्यावर पडून गडग्याकडे वाहून जाते. वाहून गेलेलं पाणी जमिनीवर आपटून खालचा थर भिजवतं, तिथे नारळाची सोडणं पसरली. उडणारे शिंतोडे बंद झाले. पश्चिमेच्या उघड्या टोकाला, जिथून झड आत येते, काकींनीच विणून दिलेलं चुडताचं, म्हणजे नारळाच्या झावळीचं, झाप टांगलं. त्यातून वारा जातो, पाणी जात नाही. बांधायला तार वापरू नका, खाऱ्या वाऱ्याने एका हंगामात कुजते. नायलॉनची दोरी आणि वर चिऱ्यांचं वजन.

पैसे मागायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, ताडपत्री आता आलीय, घेऊन जा. घेतली नाही. पैसे परत घेतले, त्यालाही दोन खेपा लागल्या. यापुढे आगाऊ पैसे मी कुणाला देणार नाही, आणि झाकणाचं सामान होळीच्या आधी घरात आणून टाकणार, लाकूड फोडायच्याही आधी.

बुरशी धरलेली लाकडं बाजूला काढून पाऊस उघडलेल्या दिवसांत पत्र्याखाली सुटी पसरली, त्यांतली बरीच वाचली. गणपतीत चूल पहिल्या काडीला पेटली. वहिनीने धूर नाही म्हणून दोनदा सांगितलं, मला फार बरं वाटलं.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. राशीत हात घालण्याआधी काठीने वरचा थर हलवा, बॅटरी मारून बघा. आमच्या कातळाच्या भागात फुरसं हा विषारी साप अशाच जागी बसतो, विंचू तर नेहमीचेच. मुलांना लाकडं आणायला पाठवू नका. दोन-तीन दिवसांची लाकडं दिवसाउजेडीच काढून चुलीशेजारी आणून ठेवा, तिथली ऊब त्यांना आणखी कोरडी करते.