किती शांत आहे ना!

"अगदी शांत आहे हो, कसला म्हणून त्रास नाही."

वहिनी हे कौतुकानं म्हणाल्या आणि संध्याकाळपासून तेवढं एक वाक्य डोक्यातून जायला तयार नाही. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. दिवा मालवून पडले तरी तेच, म्हणून उठून वही काढली.

गेले होते फक्त किल्ली द्यायला. छोट्यानं हात धरून आत ओढलं. "आत्या, राजा बघ ना!" राजा म्हणजे कासव, रेड-इअर्ड स्लायडर जातीचं. वाढदिवसाला आलंय. डोळ्यांमागे दोन्हीकडे लाल पट्टा, छोट्याच्या तळहातावर मावेल एवढं. खिडकीच्या कट्ट्यावर प्लॅस्टिकचा लहानसा डबा, तळाला गुलाबी रंगवलेले खडे, मध्ये प्लॅस्टिकचं माडाचं झाड, दोन बोटं पाणी, तेही गढूळ. झाडाखाली राजा मान लांब टाकून पडलेला. डोळे मिटलेले. खरं तर मिटलेले नाहीतच, पापण्या टरारून सुजल्यात आणि एकमेकींना चिकटल्यात. मी उचलून हातात घेतलं. कवचाच्या कडेवरून अंगठा फिरवला तर कड दबली. भिजलेला पुठ्ठा दबावा तशी. पाय हलवला त्यानं, एकच, आणि तोही सावकाश.

छोट्या म्हणाला, "तो ना दिवसभर झोपतो. शाळेतून आलो तरी झोपलेलाच असतो. मग मी त्याला अंगाई म्हणतो."

त्यावर वहिनींचं ते "शांत आहे हो".

मी एवढंच म्हणू शकले, "डोळ्यांना काहीतरी झालंय वाटतं, वहिनी." त्या म्हणाल्या, "छे हो, झोपाळू आहे तो." मग किल्लीचं बोलणं निघालं, दाराशी उभ्या उभ्या आणखी कसलं कसलं. छोट्याला हात साबणानं धुवायला लावले आणि वर आले.

आल्यापासून कुणावर तरी चिडायचंय आणि चिडायला माणूस सापडत नाहीये. वहिनी निर्दय आहेत का? अजिबात नाहीत. पाणी छोट्या स्वतः बदलतो, कुणी न सांगता. थंडी वाजू नये म्हणून रात्री डब्यावर स्वतःचा रुमाल घालतो. ऊन मिळावं म्हणून वहिनींनीच डबा खिडकीत ठेवलाय. म्हणजे त्यांनी विचार केला होता. हेच तर जास्त लागतंय. काच बंद असली की काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण कासवाला जे हवं ते, उन्हातले यूव्हीबी किरण, काचेला जवळजवळ सगळेच अडतात. ते किरण कातडीवर पडल्याशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग रक्ताला लागणारं कॅल्शियम शरीर स्वतःच्याच हाडांतून आणि कवचातून काढून घेतं. रोज उन्हात बसून ते पिल्लू आपलं कवच आतून खर्च करतंय. आणि डोळ्यांचं कारण बहुतेक खाणं. वाळवलेली कोळंबी, दुसरं काही नाही. अशा एकसुरी खाण्यात अ जीवनसत्त्व कमी पडलं की पापण्या सुजतात. ही कासवं बघून खातात. डोळे बंद झाले की समोरचं खाणं दिसत नाही. दिसलं नाही की खात नाहीत. खाल्लं नाही की हलत नाहीत.

शांत.

माहिती नसणं मी समजू शकते. कुणालाच सगळं माहीत नसतं. ज्यानं विकलं त्यानं सांगितलं असणार, एवढंच राहतं, पाणी बदला, दाणे टाका. त्याचा राग आहेच. मादी असेल तर कवच २५ ते ३० सेंटीमीटर होतं, नीट सांभाळलं तर हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो, हे विकणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर १९७५ साली बंदी आली, कारण पोरं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेला नावाच्या जंतूनं आजारी पडायची. पन्नासेक वर्षं झाली. पण तो राग वेगळा, सरळ आहे. मला झोपू देत नाहीये ते हे नाही.

मला झोपू देत नाहीये ते असं, की आपण दुखणं बघतो आणि त्याला गुण म्हणतो. पग घोरतो, किती गोड घोरतो. पिढ्यान्‌पिढ्या नाक चपटं करत आणलंय त्याचं, त्याला श्वास पुरत नाही म्हणून तो आवाज. बजरीगर पिसं फुलवून गोळा होऊन बसलाय, किती गुबगुबीत दिसतो. पक्षी दिवसाढवळ्या तसा बसून राहिला तर तो आजारी असतो. भांड्यातला गोल्डफिश सारखा वर येऊन तोंड उघडतो, आपल्याशी बोलतो. पाण्यात प्राणवायू उरला नाही म्हणून येतो तो. आणि तो स्लो लोरिसचा, म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या त्या लहानशा माकडासारख्या प्राण्याचा व्हिडिओ, काखेत गुदगुल्या केल्या की दोन्ही हात वर करणारा. आमच्याकडेही सगळ्यांनी पुढे पाठवला होता, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. घाबरलेला लोरिस हात वर करतो, कारण त्याची विषाची ग्रंथी दंडाच्या आतल्या बाजूला असते. ते स्वतःचा जीव वाचवायच्या तयारीत असतं आणि बघणारे म्हणतात, अजून कर, त्याला आवडतंय.

अजून कर.

धाकटीकडचा ससाही असाच. कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, पाल्याला तोंड लावत नव्हता. सगळे म्हणाले, रुसलाय. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, अर्धा दिवस त्यानं काही खाल्लं नाही तर थेट डॉक्टर गाठायचा असतो. मी फोनवर ओरडले होते. त्याचं इथे नको लिहायला. त्या दिवसापासून धाकटी फोनवर हवापाण्याचं बोलते, बाकी काही नाही.

मग वाटतं, हे मलाच का दिसावं? कुणाच्याही घरी जा, घरात प्राणी असला की माझी नजर आधी पाण्याच्या भांड्याकडे जाते, मग नखांकडे, मग डोळ्यांकडे. चहा समोर येतो तोवर मला ते दिसलेलं असतं. काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिच्यासमोर कुत्रं आणू नका, परीक्षा घेते." सगळे हसले. मीही हसले असेन. पण तेव्हापासून लोकांकडे जाताना पोटात गोळा येतो. बोलले तर आगाऊ, गप्प बसले तर रात्र अशी. आईचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरात आपण बोलू नये. आईचं बरोबर असेल. पण आई, त्या घरात राहणाऱ्यांपैकी एकाला बोलताच येत नाही ना.

आणि बोलता येत नाही एवढंच नाही, तो लपवतो. ससा, पक्षी, कासव, माशांपर्यंत सगळे. रानात जो दुबळा दिसतो तो आधी खाल्ला जातो, त्यामुळे दुखणं न दाखवणं हे त्यांच्या अंगातच आहे. दिसायला लागलं म्हणजे बरंच पुढे गेलेलं असतं. कुत्र्याचं आपल्याला थोडंफार कळतं, कारण तो किमान १५ हजार वर्षं आपल्यासोबत राहिलाय, आपण एकमेकांचे चेहरे वाचायला शिकलोय. मांजराच्या बाबतीतसुद्धा गफलत होते, दुखत असतानाही ते गुरगुरतं आणि आपण म्हणतो खूश आहे. मग कासवाचा चेहरा कुणी कसा वाचावा? त्याला भुवया नाहीत, गाल नाहीत, आवाज नाही म्हणावा इतका कमी. त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला जे हवं ते दिसतं. वहिनींना घरात एक शांत जीव हवा होता. शाळा, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, त्यात न भुंकणारा, न मागणारा एक जीव. तो त्यांना दिसला.

हे लिहिलं आणि त्यांच्यावरचा राग जरा उतरला. वहिनींचं ते सगळं वर्षच कसं गेलंय.

मघाशी काकांना विचारलं होतं, काय करू. त्यांचं लगेच, "तळ्यात सोडायला सांग, मोकळं होईल बिचारं." नाही, काका. ती मिसिसिपीच्या खोऱ्यातली कासवं. माणसांनी कंटाळून अशीच सोडून सोडून जगभरच्या पाण्यांत पोचवलीत. सगळ्यांत घातक १०० उपऱ्या प्रजातींची जी यादी आहे तिच्यात या रेड-इअर्ड स्लायडरचं नाव आहे. तिथल्या मूळच्या कासवांच्या ऊन खायच्या जागा ती बळकावतात. आणि राजा? आंधळा झालेला, मऊ कवचाचा, तो तळ्यात काय मोकळा होणार?

*

साडेअकरा.

वहिनींना मेसेज केला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पहिल्यात कवचाचं, काचेचं, किरणांचं सगळं होतं. ते वाचून मलाच कुणी ओरडतंय असं वाटलं. शेवटी एवढंच पाठवलं: "वहिनी, राजा झोपत नाहीये. त्याला भूक लागलीय, पण डोळे सुजल्यामुळे दिसत नाहीये."

लगेच निळी खूण आली. जाग्या होत्या. मग त्यांचं, "अगंबाई. किती दिवस?" आणि पाठोपाठ, "छोट्याला उठवू का?"

मी उगीच एवढी घाबरले होते. माझ्या मनात त्यांचं उत्तर तयार होतं, थंड, दोन शब्दांचं, उद्यापासून जिन्यात मान फिरवणारं. आलं ते हे. सगळीकडे असं होणार नाही, धाकटीकडे झालं नाही. पण माझी नजर पाण्याच्या भांड्याकडे जायची ती जाणारच, काकांनी काहीही म्हणोत. जाऊ दे. कुणाची तरी जायला हवी.

छोट्याला उठवू नका म्हटलं. त्याला काय सांगायचं ते दोघींनाही सुचलं नाही. त्याची अंगाई चुकीची नव्हती, एवढं त्याला कळायला हवं.

मग बराच वेळ लिहीत बसलो. सकाळी आधी फोन करून विचारायचं की सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर आहेत का, कारण कुत्र्यामांजरांचे डॉक्टर सगळेच कासव बघतात असं नाही. घरात असलेले डोळ्यांचे थेंब घालायचे नाहीत. जीवनसत्त्वाचा डोस आपल्या मनानं द्यायचा नाही, अ जास्त झालं की कातडी सोलून निघते. डबा बदलायचा, पोहता येईल एवढं पाणी हवं, सुमारे २५ अंशांचं, आणि पाण्याबाहेर पूर्ण कोरडं बसता येईल असा दगड, त्यावर ऊब देणारा दिवा आणि वेगळा यूव्हीबीचा. तो दिवा पेटत राहिला तरी त्यातले किरण कमी होत जातात, म्हणून ठरावीक काळानं बदलायचा. फिल्टर. खाण्यात कासवांच्या खाद्याच्या गोळ्या, पालेभाजी, कोळंबी कधीतरीच. वहिनी प्रत्येक ओळीखाली "बरं" लिहीत होत्या.

"कधी बरा होईल?" त्यांनी विचारलं. खरं तेच सांगितलं. डोळे उघडायला काही आठवडे लागतील, कवच घट्ट व्हायला महिने. आणि उघडतीलच, घट्ट होईलच, हे मी सांगू शकत नाही, डॉक्टर सांगतील.

"आणि बरा झाला की किती वर्षं?"

वीस-तीस, मी लिहिलं.

यावर खूप वेळ काही आलं नाही. टायपिंग दिसायचं आणि जायचं. मी घड्याळाकडे बघत बसले. त्यांनी नको म्हटलं असतं तर काय, याचा विचार करत होते, म्हणजे माझ्याकडे आणावा लागला असता, माझ्याकडे जागा आहे का, गॅलरीत बसेल का, आई काय म्हणेल.

मग आलं. "आत्ता त्याला कोरडं काढून ठेवू का रात्रीपुरतं? आणि टब किती मोठा घेऊ, माप सांगा."

कोरडं ठेवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवू, आज फक्त पाणी बदला, कोमट, मी म्हटलं. टबाचं माप काढतेय. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर धरतात. आत्ताच्या मापानं घ्यावा की मोठ्या राजाच्या, ते ठरत नाहीये.