साडेपंधरा गुणांचा माणूस

अमेरिकेत फिनिक्सला येऊन आम्हाला वीस वर्षं उलटून गेली, पण घरातला एक वाद अजून मिटलेला नाही. 2005 साली एनबीए या इथल्या बास्केटबॉल लीगचा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजे एमव्हीपीचा मान आमच्या फिनिक्स सन्स संघाच्या स्टीव्ह नॅशला मिळाला, तो बरोबर की चूक? नवरा म्हणतो, तो मायामीच्या शकील ओनीलचा होता. मी म्हणते, नॅशचाच. 2025 मध्ये शे गिलजस-अलेक्झांडर एमव्हीपी झाला. नॅशनंतर हा मान मिळवणारा दुसरा कॅनेडियन म्हणून टीव्हीवर नॅशचं नाव निघालं, आणि जेवता जेवता आमचं पुन्हा सुरू झालं. या वेळी मी ठरवलं की आपली बाजू एकदा नीट लिहूनच काढायची.

आम्ही 2004 च्या ऑगस्टमध्ये फिनिक्सजवळच्या चँडलरला आलो. मी फलटणची, ऊन मला नवीन नाही. पण रात्री दहा वाजताही भट्टीजवळ उभं राहिल्यासारखी झळ लागते, हे इथेच पाहिलं. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी चालवता येत नव्हती. शेजारच्या घरात एक निवृत्त आजोबा एकटेच राहायचे. फिनिक्स सन्स हा संघ 1968 साली निघाला तेव्हापासून ते त्याचे सामने बघत आलेले. 1969 मध्ये नव्या खेळाडूंमधून पहिली निवड कोणाची हे ठरवणाऱ्या नाणेफेकीत सन्स हरले आणि लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा दिग्गज करीम अब्दुल-जब्बार, मिलवॉकीच्या संघाकडे गेला, हे ते काल घडल्यासारखं सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा खरोखर पडायचा. त्यांच्या दिवाणखान्यात बसून मी बास्केटबॉल शिकले.

आदल्या मोसमात सन्स 82 पैकी 29 सामने जिंकले होते आणि 53 हरले होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी डॅलसहून तिशी ओलांडलेल्या नॅशला परत आणलं. परत अशासाठी, की 1996 मध्ये त्याला पहिल्यांदा निवडलं ते सन्सनीच. जन्म जोहान्सबर्गचा, लहानपण कॅनडातल्या व्हिक्टोरियात, उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे या खेळात बुटकाच. पाठीच्या मणक्याचं जुनं दुखणं. बाकावर बसलं की पाठ आखडते म्हणून विश्रांतीच्या वेळी तो मैदानाच्या कडेला सरळ जमिनीवर आडवा व्हायचा. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. शहरातल्या अमेरिका वेस्ट अरीनात आम्ही सगळ्यात वरच्या रांगेतून एक सामना पाहिला, तेव्हा माझं अर्धं लक्ष त्या आडव्या माणसाकडेच होतं. तो उठून आत गेला की खेळाचा वेग बदलायचा, आणि हे वरूनसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

सुरुवातीला मला काही कळत नव्हतं. चेंडू ज्याच्या हातात, तिकडे मी बघायची. आजोबा म्हणाले, चेंडू सोड, नॅश कोणाला कुठे उभं राहायला लावतोय ते बघ. मग एका संध्याकाळी एकदम उलगडलं. हा तर खो देतोय!

शाळेत मी खो-खो खेळले. ज्यांनी पाठलाग केलाय त्यांना ठाऊक असेल, उठलेल्या गड्याला उलटं फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारी मुलगी पलीकडे सटकली की तुमचे पाय कितीही वेगात असोत, उपयोग शून्य. तिकडे तोंड करून बसलेल्या गड्याला वेळेवर खो मिळायला हवा. क्षणभर आधी दिलात तर पळणारी सावध होते, क्षणभर उशीर झाला तर ती निघून जाते. गडी बाद झाला की नाव लागतं शिवणाऱ्याचं. पण आमच्या सरांचं लक्ष खो कोणी दिला याकडे असायचं. सामना संपल्यावर पाठीवर थाप मिळायची तीही त्याच मुलीला.

नॅशचं काम नेमकं तेच. त्याचा साथीदार अमारे स्टूडमायर येऊन नॅशवर नजर ठेवणाऱ्या गड्याची वाट अंगाने अडवायचा आणि लगेच वळून बास्केटकडे धाव घ्यायचा. आता समोरच्या उंच बचावपटूपुढे दोन वाटा: नॅशला अडवायचं की स्टूडमायरला. नॅश त्याला निवड करायला लावायचा आणि निवड झाली की त्याच क्षणी चेंडू दुसरीकडे गेलेला असायचा. दोघांना अडवायला तिसरा धावून आलाच तर कोपऱ्यात क्वेंटिन रिचर्डसन किंवा जो जॉन्सन मोकळा. कधी कधी तो चेंडू टप्प्यावर ठेवत बास्केटच्या खालून, पार मागच्या रेषेजवळून फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा. एरवी तिथे शिरलेला खेळाडू फेक तरी करतो किंवा अडकतो. नॅश दोन्ही करायचा नाही; तो फिरत असताना कोणीतरी मोकळं व्हायचंच.

त्या मोसमात सन्स 62 सामने जिंकले. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा 33 जास्त. सरासरी 110 गुण, सगळ्या एनबीएत सर्वाधिक. नॅशचे स्वतःचे गुण सामन्यामागे 15.5 आणि असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास, 11.5. आजवर एमव्हीपी झालेल्या गार्डांमध्ये, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणाऱ्या खेळाडूंमध्ये, इतके कमी गुण कोणाचेच नाहीत.

नवऱ्याचा आक्षेप इथूनच सुरू होतो. तो इंजिनिअर, आकड्यांवर त्याची श्रद्धा. ओनीलचे सामन्यामागे 22.9 गुण आणि 10.4 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू. ओनील लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ सोडून मायामीला गेला तशी मायामी 42 विजयांवरून 59 वर गेली आणि लेकर्स 56 वरून 34 वर कोसळले. म्हणजे एकाच माणसाचं मोल दोन शहरांत सिद्ध झालं. हा मुद्दा तगडा आहे, मी कधीच नाकारला नाही. पण त्याच उन्हाळ्यात लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सनही गेले होते, आणि मायामीत दुसऱ्याच वर्षी ड्वेन वेड सामन्यामागे 24 गुण करत होता. तसं बघायला गेलं तर सन्सच्या 29 विजयांमागेही कारणं होती. स्टूडमायर बरेच सामने जायबंदी होता, संघाने मोसमाच्या मध्यावर आपला मुख्य गार्ड देऊन टाकला होता आणि नॅशबरोबर रिचर्डसनही नव्याने आला होता. सगळी उडी एकट्या नॅशच्या नावावर मांडणं बरोबर नाही.

म्हणून मी दुसरा हिशोब मांडते. संघ तोच, प्रशिक्षक माइक डँटोनी तेच, मोसम तोच, फक्त नॅश नाही. तो 75 सामने खेळला, त्यात सन्स 60 जिंकले. सात सामने खेळू शकला नाही, त्यातले पाच हरले. स्टूडमायर होता, शॉन मॅरियन होता, कोपऱ्यातून अचूक फेकणारे होते. खो देणारा नव्हता. सात सामने थोडे आहेत हे मान्य; पण जानेवारीतली ती हारींची रांग मी आजोबांच्या शेजारी बसून पाहिलीय. तेच खेळाडू चेंडू हातात धरून विचार करत उभे राहायचे.

एमव्हीपी ठरवणाऱ्या पत्रकारांच्या मतमोजणीत नॅशला 1066 गुण मिळाले, ओनीलला 1032. पहिल्या क्रमांकाची मतं 65 आणि 58. इतकी चुरस. त्या वेळी काही जणांनी उघडपणे विचारलं की नॅश गोरा नसता तर असंच मत पडलं असतं का. हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. या देशात राहायला लागल्यावर तो का विचारला जातो हेही हळूहळू कळत गेलं. मतदारांच्या मनात काय होतं ते मला माहीत असणं शक्य नाही. मी बोलते ते मैदानावर काय दिसलं त्याबद्दल. आणखी एक आक्षेप असा, की त्याच मोसमापासून बास्केटपासून दूर चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला हाताने रोखण्यावर पंच कडक झाले, त्याचा फायदा नॅशला झाला. झालाच. पण नियम तीसही संघांना एकच होता, आणि त्यातून असा खेळ उभा केला फिनिक्सने.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र एका पराभवाचा आहे. मतदान संपल्यानंतरचा, त्यामुळे निकालात तो धरलेला नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, सन्सची गाठ नॅशच्या जुन्या संघाशी, डॅलसशी पडली. चौथ्या सामन्यात डॅलसने ठरवलं की नॅशच्या साथीदारांना सोडायचं नाही, नॅशला हवे तेवढे गुण करू दे. त्याने 48 केले! असिस्ट फक्त पाच, आणि सन्स हरले. समोरच्या संघाला, तेही त्याला आतून ओळखणाऱ्या संघाला, त्याचे 48 गुण परवडत होते. त्याचे पास परवडत नव्हते. याहून मोठी दाद कुठली? पुढच्या सामन्यात 34 गुण, 13 रिबाउंड, 12 असिस्ट. सहाव्यात शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांची फेक करून त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत डॅलसला घरी बसवलं. पुढच्या फेरीत सॅन अँटोनियोने सन्सना 4-1 हरवलं तेव्हा आजोबांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

2006 साली नॅश पुन्हा एमव्हीपी झाला. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने त्या मोसमात सामन्यामागे 35.4 गुण केले होते, त्यामुळे त्या दुसऱ्या मानाबद्दल मी इतकी हट्टी नाही. पण त्या वर्षाने पहिल्या वर्षाचं उत्तर पक्कं केलं. स्टूडमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जेमतेम तीन सामने खेळला, जॉन्सन आणि रिचर्डसन दुसऱ्या संघांत गेले, तरी सन्स 54 जिंकले. जॉन्सनच्या बदल्यात बोरिस डियॉ नावाचा फ्रेंच खेळाडू अटलांटाहून आला. तिथे त्याचे सामन्यामागे पाच गुणही होत नव्हते. नॅशबरोबर तेराच्या वर गेले आणि सर्वाधिक सुधारणा केलेल्या खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला.

ते सामने आज यूट्यूबवर सापडतात. डॅलसविरुद्धचा सहावा सामना लावा, कोपऱ्यातला गुणफलक हाताने झाका आणि नॅशकडे चेंडू आला की त्याचे डोळे बघा. तो एकीकडे बघत असतो आणि चेंडू दुसरीकडे जातो. चेंडू ज्याला मिळतो, तो बहुतेक वेळा आधीच हवेत असतो.