देव्हाऱ्यातली जर्मनची पेटी

घरी कुणी पहिल्यांदा आलं आणि देवाला हात जोडायला वाकलं की हा प्रश्न येतोच. परवा तुम्हीही विचारलंत. विठ्ठल-रखुमाई आहेत, तुकडोजी महाराजांचा फोटो आहे, मग मधे ही जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पेटी कसली? मी नेहमीसारखं "आजीची आहे" म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. पण तुम्ही खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

ती बाळंतपणाची पेटी आहे. माझी आजी, वडिलांची आई, दाई होती. आमचं गाव तिवसा तालुक्यातलं. एका अंगाला मोझरी, जिथं तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभा केला, आणि दुसऱ्या अंगाला वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. आजीची सगळी भक्ती या दोन गावांच्या मधे मावत होती. महाराजांची खंजिरी तिनं समोर बसून ऐकलेली. अक्षरओळख नव्हती, पण सायंप्रार्थना तोंडपाठ, आणि ती कधी चुकली नाही. चुकली ती फक्त कुणाच्या तरी दारी कळा सुरू झाल्या म्हणून.

आजीनं हे काम तिच्या चुलतसासूच्या हाताखाली शिकलं. पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की पायाळू, ते ती सांगायची. बोलावणं कोणत्याही वस्तीतून येवो, रात्री कंदील घेऊन निघायची. मोबदला म्हणजे खण-नारळ, कधी पायलीभर ज्वारी, बऱ्याचदा काहीच नाही. आणि घरी आल्यावर पणजी, म्हणजे तिची सासू, तिला उंबऱ्याशीच अडवायची.

"विटाळाचे हात घेऊन देवाजोळ जाऊ नोको."

आजी एकदा म्हणाली होती, "मामी, लेकरू देवानंच धाडलं न? मंग त्याचा विटाळ त्याले कसा होते?" पणजीनं उत्तर दिलं नाही, पण देव्हाऱ्याला हातही लावू दिला नाही. कितीतरी वर्षं आजीनं प्रार्थना ओसरीवर बसून केली, देवाकडं पाठ नको म्हणून भिंतीकडं तोंड करून.

1979 साली प्राथमिक आरोग्य केंद्रात दायांचं महिनाभराचं प्रशिक्षण लागलं. आजी गेली. परत आली तेव्हा तिच्याकडं ही पेटी होती. आत कात्री, नाळ बांधायचा दोरा, साबणाची वडी, नखं घासायचा ब्रश, खाली अंथरायचं प्लास्टिक. आम्ही पोरं पेटीभोवती जमलो. आजी मात्र गप्प होती. दोन दिवस ती भाकर टाकायला बसायची आणि तवा जळून जाईपर्यंत बसूनच राहायची.

तिथं नर्सबाईनं धनुर्वात समजावून सांगितला होता. बाळ दोन-तीन दिवस चांगलं अंगावर पितं, मग त्याचं तोंड उघडेनासं होतं, अंग लाकडासारखं ताठ होतं, आणि बऱ्याचदा आठ-दहा दिवसांच्या आत ते जातं. हे जंतू मातीत असतात, शेणात असतात. नाळ विळ्यानं कापली, वर गोवरीची राख चेपली, की ते बाळाच्या अंगात शिरतात. गावात अशा बाळाला सटवाईनं नेलं म्हणत. पाचवीला तिनं कपाळी लिहिलं तेवढंच आयुष्य.

आजीनं तोवर नाळ विळ्यानंच कापली होती. राखही लावली होती. तिला शिकवणारीनं तसंच शिकवलं होतं. आणि तिच्या हातावर आलेली तीन बाळं अशीच ताठ होऊन गेली होती. त्यांची घरं तिला ठाऊक होती.

ती तिन्ही घरी गेली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. नर्सबाईनं तर उलट सांगितलं होतं की झालं ते अजाणता झालं, आता पुढं सांभाळा. पहिल्या दोन घरी काय झालं ते मला माहीत नाही. तिसऱ्या घरी मी तिच्यासोबत होते. मी नऊ वर्षांची होते, तिचा पदर धरून चालत होते. अंगणात ती बाई सुपात तूर पाखडत होती. आजी बाजेवर बसली नाही. जमिनीवर, तिच्यासमोर बसली.

"बाई, तुह्या लेकराले सटवाईनं नाई नेलं. माह्या इळ्यानं नेलं. मले तवा ठाऊक नव्हतं."

सूप थांबलं. ती बाई आजीकडं बघतच राहिली. मग इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला ते अजून कानात ऐकू येतं, "आता काऊन सांगून रायली व मले?" आणि पुन्हा सूप हलू लागलं. फोलपटं आजीच्या मांडीवर येऊन पडत होती. आजीनं ती झटकली नाहीत. बराच वेळ आम्ही तशाच बसलो, मग उठून आलो. त्या बाईनं पुढं आजीशी कधी शब्द काढला नाही. तिच्या सुनेला दिवस गेले तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी आजीनं नर्सबाईला सगळ्यांत आधी त्याच घरी धाडलं. बाळंतपणाला मात्र त्यांनी दुसऱ्या गावची दाई आणली. आजी म्हणाली, बरोबर केलं.

त्या संध्याकाळी, सुपाच्या त्या दिवशी, आजी प्रार्थनेला बसली नाही. ओसरीवरसुद्धा नाही. वडील बोलावायला गेले तर म्हणाली, "कोणत्या तोंडानं बसू?" चुलीपुढं गुडघ्यांत डोकं घालून होती. तेव्हा पणजी उठली. कमरेत वाकलेली, भिंत धरून चालणारी. कोठीवर ठेवलेली ही पेटी तिनं उचलली, देव्हाऱ्यात नेली, विठ्ठल आणि रखुमाई दोन बाजूंना सरकवले आणि मधे पेटी ठेवली. मग आजीच्या दंडाला धरून तिला देवासमोर आणून बसवलं. म्हणाली, "आता बस."

तेव्हापासून ती तिथंच आहे. कुणाचं बोलावणं आलं की आजी देवापुढून पेटी उचलायची, परतल्यावर कात्री उकळून, पेटी पुसून तिथंच ठेवायची. पहाटे देव्हाऱ्यात जागा रिकामी दिसली की आम्हाला कळायचं, गावात कुणीतरी अडलंय. तिचं हात धुणं मी पुष्कळदा पाहिलंय. बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या, ब्रशनं एकेक नख घासायचं, साबण लावल्यापासून एक भजन पुरं होईस्तोवर हात पाण्याखाली न्यायचे नाहीत. तिला घड्याळ कळत नव्हतं. तिच्या लेखी हात धुणं आणि प्रार्थना या दोन गोष्टी उरल्याच नव्हत्या. घरच्या सुनांना, अंगणवाडीतल्या पोरींना, सगळ्यांना तिनं असंच भजन म्हणत हात धुवायला लावले. त्या दिवसानंतर तिच्या हातावर आलेलं एकही बाळ धनुर्वातानं गेलं नाही.

कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते, 1594 पासून. आजीला त्या पालखीबरोबर पायी जायचं होतं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी कुणाचे तरी दिवस भरलेले असायचे. ती पालखीला गावापुरती पोचवून परत यायची. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, बायका दवाखान्यात जाऊ लागल्या. आजीला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. नवी सून घाबरली तर तिला घेऊन स्वतः गाडीत बसायची, दवाखान्याच्या दारात तिचा हात सोडायची. मग पेटी महिनोन्‌महिने जागची हलेना, पण तोवर आजीचे गुडघे गेले होते. पंढरपूर तिनं एसटीनं केलं, एकदाच.

2011 साली ती गेली. चार वर्षांनी मी पेपरात वाचलं की माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागं एकाहूनही कमी बाळांना तो होतो. मी तेवढी बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आई काही बोलली नाही, देव्हाऱ्यात दिवा लावून आली.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. अजून दर शुक्रवारी स्वतः देव घासते. मूर्ती चिंचेनं, समई राखेनं, पेटी साबणानं. राख त्या पेटीला लावायची नाही, हे आजीचं सांगणं आहे.