स्नाया म्हणजे सूनच

आयवारचे, म्हणजे भाजक्या मिरच्यांच्या चटणीचे दिवस. लाल मिरच्या साल काळी पडेपर्यंत भाजायच्या आणि गरम असतानाच सोलायच्या, भरताच्या वांग्यासारख्या. आतून सासूबाईंनी हाक मारली, "स्नायो!" सर्बियातल्या नोव्ही सादजवळच्या या गावात सहा वर्षं ही हाक ऐकतेय. त्या दिवशी शेजारी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "स्नाया हे बोलीतलं, पुस्तकात स्नाहा." मिरची हातातच राहिली. स्नाहा. स्नुषा!

रात्री शब्दकोश काढला. सगळ्या स्लाव्ह भाषांच्या आईतला शब्द स्नुखा, उ अगदी ओझरता. शब्दाआधी तारा, कारण तो कुणी लिहून ठेवलेला नाही. ही मंडळी लिहायला लागली नवव्या शतकात. रशियन स्नोखा, चेक स्नाखा, सर्बियन स्नाहा शेजारी ठेवून तो बांधलाय. उनंतरच्या सचा संस्कृतात ष झाला, इकडे ख. लॅटिनमध्ये नुरुस, ग्रीकमध्ये नुओस, म्हणजे शेवट पुरुषी वळणाचा. स्नुषेला आणि स्नुखाला मात्र स्त्रीलिंगी आ लागला. पुढे आपल्याकडे सुण्हा होऊन सून उरली.

विभक्तीनं तर मला वेडच लावलं. द्वितीयेत शेवटी नाकातला ओ. चतुर्थीत खचा स होऊन स्नुसे. सर्बियनमध्ये आजही 'स्नासी' सापडतं. संबोधन स्नुखो. म्हणजे सासूबाईंच्या हाकेतला तो ओ हजार वर्षांहून जुना! आपणही 'सूनला' म्हणत नाही, 'सुनेला' म्हणतो, आणि ते कुणी शिकवावं लागत नाही.

आई अजून फोनवर विचारते, "परक्यांत मन रमतं का गं?" परके कसे? इथे दीर म्हणजे देवेर. जाऊ म्हणजे येत्र्वा, संस्कृतातली यातृ. सासू स्वेक्र्वा, म्हणजे श्वश्रू. लंडनच्या मावसबहिणीकडे सासू, जाऊ, नणंद सगळ्यांना एकच 'इन-लॉ'चं शेपूट, तरी तिला कुणी हा प्रश्न विचारत नाही. मी लांब आले असेन, पण नात्यांच्या नावांतून बाहेर पडले नाही.

सकाळी सासूबाईंना सांगितलं, आमच्याकडे स्नाहाला सून म्हणतात. त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं. बाईमाणसाचा शब्द आशिवाय संपणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी 'सूना' केलं. दुपारी बरण्या भरताना हाक आली, "सूनो!"

मी दुरुस्त केलं नाही. ओ दिली.